तिकीट काढून महारवाडा

दोस्तहो, आता आमच्यासारख्यांना बघायलाही तिकीट लागतं. फुकट बघायचे दिवस गेले.

कसं ते सांगतो. क्रूझ नावाची मोठाली प्रवासी जहाजं असतात. ती कुणाला कुठं पोचवायला निघत नाहीत. मजा करायला निघतात आणि बहुतेकदा फिरून त्याच बंदराला लागतात. जानेवारी 2024 मध्ये अमेरिकेतल्या मायामीहून 'आयकॉन ऑफ द सीज' नावाचं जहाज पहिल्या सफरीला निघालं. त्यात जास्तीत जास्त 7,600 प्रवासी मावतात. त्यांची उष्टी काढायला, पलंगपोस बदलायला, संडास धुवायला, इंजिन चालवायला 2,350 माणसं लागतात. वर पोहायचे तलाव, घसरगुंड्या, नाटकगृहं, बार. खाली हे 2,350.

वर बसून बसून वरच्यांना कंटाळा येतो. मग कंपन्यांनी त्यांच्यासाठी एक खेळ काढला. पडद्यामागची सफर. कार्निव्हल कंपनी तिला 'बिहाइंड द फन' म्हणते, रॉयल कॅरिबियन 'ऑल अॅक्सेस' म्हणते, प्रिन्सेस कंपनी 'अल्टिमेट शिप टूर' म्हणते. म्हणजे मजेच्या मागं काय आहे ते या, दाखवतो. कंपनी नि जहाज बघून माणशी साधारण शंभर-दीडशे डॉलर. पंधरा-वीस जणांची टोळी. पुढं एक हसरा साहेब. भटारखाना बघा, कोठार बघा, धोबीखाना बघा, इंजिनाची नियंत्रण खोली बघा. कार्निव्हलच्या सफरीत कॅमेरा-मोबाईल न्यायला बंदी, पायात बंद बूट सक्तीचे. शेवटी वर कप्तानाशेजारी उभं राहून फोटो. काही कंपन्या जाताना एप्रन, टोपी असलं काहीबाही भेट देतात.

तुम्ही म्हणाल, सोलापूरच्या पोराला जहाजाचं काय पडलंय? आपल्याकडं समुद्र नाही. हिप्परग्याचा तलाव हाच आपला समुद्र, तोही उन्हाळ्यात तळ दाखवतो. पण सोलापूरचा नि जहाजाचा संबंध जुना आहे, बे. भारतीय जहाजधंद्याचा बाप म्हणून ज्याचं नाव घेतात तो वालचंद हिराचंद 1882 साली ह्याच सोलापुरात जन्मला. त्याच्या सिंदिया कंपनीची 'लॉयल्टी' ही बोट 5 एप्रिल 1919 ला मुंबईहून लंडनला निघाली. त्या तारखेला 1964 पासून राष्ट्रीय सागरी दिन पाळतात. म्हणजे सोलापूरनं जहाजाला मालक दिला. आता सोलापूर जहाजाला हमाल देतं. मालकाच्या नावानं दिवस पाळतात. हमालाच्या नावानं हजेरी घेतात.

माझ्या आत्याचा पोरगा अशा एका जहाजावर होता. कंपनीचं नाव घेत नाही, सगळ्या एका माळेच्या. बुधवार पेठेत वाढलेला. बारावीनंतर दोन वर्षं अक्कलकोट रोडला एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात खपला. नंतर हॉटेलचा कोर्स केला नि जहाजावर चढला. आधी धोबीखान्यात, मग खोल्या लावायला. सोलापूरच्या टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, चादरीलाही आहे. पोराला मानांकन नाही. इथं तो टॉवेल विणायचा, तिथं टॉवेलाच्या घड्या घालायला लागला. साध्या घड्या नव्हेत. क्रूझवर चाल आहे, खोली लावणाऱ्यानं टॉवेलचा हत्ती करायचा, माकड करायचं, बगळा करायचा नि पलंगावर ठेवायचा. प्रवासी संध्याकाळी येतो, हत्ती बघतो, खूष होतो. दिवसाला वीसेक खोल्या, तितकेच हत्ती. तो म्हणाला, "भाऊ, बाप टॉवेल विणून मेला, मी टॉवेलचे हत्ती करून जगतोय."

सफरीची गोष्ट त्याच्याकडूनच कळली. सफर यायच्या आदल्या रात्री धोबीखाना घासून काढायचा. दोरीवर कुणाची बनियन दिसता कामा नये. ज्याला इंग्रजी बरं येतं नि दात बरे आहेत तो पुढं. ज्याचे हात वाफेनं सोलवटलेत तो तेवढ्यापुरता आत. मशीन चालू ठेवायचं पण आवाज फार नको. साहेब म्हणेल, "हे आमचं कुटुंब," तेव्हा हात हलवायचा. बायामाणसं विचारतात, "तुला घरची आठवण येते का?" ह्याला दोन उत्तरं पाठ. येते, पण इथंही घरच आहे. पगार किती, असं कुणी विचारत नाही. विचारायची रीत नाही.

दोस्तहो, हे ऐकल्यावर मला जहाज दिसेना, गाव दिसायला लागलं. गावाला पसरायला जमीन होती म्हणून आपली वस्ती गावकुसाबाहेर टाकली. जहाजाला बाजूला जागा नाही म्हणून वस्ती खाली टाकली, पाणरेषेच्या आसपास नि तिच्याही खाली, जिथं खिडकी नसते. गाव आडवं होतं, हे उभं आहे. एवढाच फरक. कामगारांनी वरच्या जिन्यानं जायचं नाही, वरच्या तलावात उतरायचं नाही. आता कुणी म्हणेल, हे शिस्तीचे नियम आहेत, जातीचे नव्हेत. बरोबर. जहाजावर आडनाव विचारत नाहीत, पासपोर्ट विचारतात. खांद्यावर सोनेरी पट्ट्या इटली, ग्रीस, नॉर्वे, इंग्लंडच्या. हातात फडकी फिलिपिन्स, इंडोनेशिया, भारताची. पूर्वी सवर्णांत समज होता, समुद्र ओलांडला की जात बुडते, प्रायश्चित्त घ्यावं लागतं. उगाच घाबरत होते. जात बुडाली नाही. जहाजात बसली नि खालचा मजला धरून राहिली.

अमेरिकी जहाजांत खालच्या मजल्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कामगारांचा लांबलचक रस्ता असतो. तिथल्या एका महामार्गावरून त्याला 'आय नाइंटी-फाइव्ह' म्हणतात. ट्रॉल्या, पिंपं, माणसं सगळी त्याच रस्त्यानं. सफरीतले लोक त्यावरून चालतात नि म्हणतात, अबब, खाली तर एक अख्खं शहर आहे! आहे ना. ते शहर तुमच्यासाठी चोवीस तास जागं आहे. तुम्ही आत्ता तिकीट काढलं म्हणून ते जन्मलं नाही.

आता विरोधकाचं म्हणणंही ऐकू या, कारण तो विरोधक माझ्या घरातलाच आहे. आत्याचा पोरगा मला म्हणाला, "तू उगं भडकतोस. नऊ महिन्यांत त्या एकाच दिवशी वाटलं की आपण दिसतोय. एका म्हातारीनं माझा हात हातात घेतला नि थँक यू म्हणाली. रोज तर आपण भिंत असतो." ह्या वाक्यानं मला दोन रात्री झोप आली नाही. कारण ते खोटं नाही. ज्याच्याकडं हजार वर्षं कुणी बघितलं नाही, ज्याची सावलीही नको होती, त्याच्याकडं कुणी हसून बघितलं तर त्याला बरं वाटणारच. त्या म्हातारीवर माझा राग नाही. ती आजी चांगलीच असेल. माझा राग आहे तो तिचा चांगुलपणा दीडशे डॉलरला विकणाऱ्यावर. माणसानं माणसाला बघणं हीसुद्धा त्यानं चीज करून टाकली, नि त्या विक्रीतला हिस्सा मागायचा असतो हेही आमच्या पोराला कधी सुचू दिलं नाही.

बघणं नि बघणं यात फरक आहे. डॉक्टर बघतो तेव्हा विचारतो, कुठं दुखतंय? मुकादम बघतो तेव्हा मोजतो. नि पाहुणा बघतो तेव्हा आधी घर झाडून घेतात. मे 2017 मध्ये उत्तर प्रदेशात कुशीनगर जिल्ह्यात मुख्यमंत्री यायचे होते, तेव्हा मुसहरांच्या वस्तीत साबण नि शॅम्पू वाटल्याच्या बातम्या आल्या होत्या. धुवून घ्या, साहेब येतायत. पुढारी दलिताच्या घरी जेवायला बसतो, ताटाबरोबर कॅमेरा येतो, हे तर आपण प्रत्येक निवडणुकीत बघतो. धारावीत वीस वर्षांपासून परदेशी पाहुण्यांसाठी वस्तीच्या सफरी चालतात. तिथंही फोटोला बंदी असते. चालवणारे म्हणतात, लोकांची इज्जत राहावी म्हणून. जहाजावरही कॅमेऱ्याला बंदी, पण तिथं इज्जत कुणाची राखायची, कामगाराची की कंपनीची, हा सवाल आहे. एकाच नियमाचे दोन अर्थ होतात, कुणाच्या हातात नियम आहे त्यावर.

ही सफर काय दाखवत नाही ते आता सांगतो.

सागरी कामगारांचा एक आंतरराष्ट्रीय करार आहे, 2006 चा. भारतानं तो 2015 मध्ये मान्य केला. त्यात तत्त्व आठ तासांचं आहे, पण कमाल मर्यादा म्हणून चोवीस तासांत 14 तास नि सात दिवसांत 72 तासांपर्यंत काम घेता येतं. नीट वाचा, 72. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळत होते तेव्हा 1946 मध्ये कारखान्यातला आठवडा 54 तासांवरून 48 वर आणला. जमिनीवर 48, पाण्यावर 72. समुद्रावर पाऊल ठेवलं की माणसाच्या अंगात चोवीस तासांचं बळ जास्तीचं येतं की काय?

त्याच करारात लिहिलंय की कामाच्या नि विश्रांतीच्या वेळांचं कोष्टक जहाजावर सगळ्यांना सहज दिसेल अशा जागी लावायचं, नि प्रत्येकाच्या विश्रांतीच्या तासांची नोंद ठेवायची. म्हणजे तो तक्ता खाली कुठंतरी भिंतीवर असतोच. सफर त्या भिंतीपाशी का थांबत नाही? बटाटे किती टन सोलले ते साहेब सांगतो. सोलणारा किती तास उभा होता ते का सांगत नाही?

नि बक्षिसी. खोली लावणारे, वाढपी ह्यांच्या कमाईचा मोठा भाग अनेक जहाजांवर प्रवाशांच्या बक्षिसीतून येतो. त्याला ते ग्रॅच्युइटी म्हणतात. आपल्याकडं ग्रॅच्युइटी म्हणजे नोकरी संपताना मिळणारी हक्काची रक्कम. तिथं ती म्हणजे वरच्याची मर्जी. हे आपल्या ओळखीचं आहे की नाही? खळ्यावर जायचं, हात जोडायचे, पाटलाच्या मनाला येईल तेवढं सुपात पडायचं. बलुतंच हे. इकडं महार वतनं 1958 च्या कायद्यानं गेली. तिकडं डॉलरमध्ये चालू आहेत. म्हणून तर टॉवेलचा हत्ती करायचा. तो हत्ती कला नाही, जोहार आहे. पलंगावर ठेवलेला जोहार.

खरी पडद्यामागची सफर एकदाच झाली नि ती साऱ्या जगाला फुकट दिसली. फेब्रुवारी 2020. जपानमध्ये योकोहामा बंदरात 'डायमंड प्रिन्सेस' जहाज कोरोनामुळं अडकवून ठेवलं. त्याच प्रिन्सेस कंपनीचं. आत 3,711 माणसं. हुकूम झाला, प्रवाशांनी आपापल्या खोलीत बसायचं, बाहेर यायचं नाही. मग जेवण दारात कुणी नेलं? टॉवेल कुणी दिले? खालच्यांनी. प्रवाशाला एकांत, कामगाराला दोघांत एक खोली, एका मेसमध्ये जेवण नि दारोदार ताटं. सातशेवर लोकांना लागण झाली. त्यात कामगारही होते. जहाजावर 138 भारतीय होते, त्यातले 132 कामगार. त्यातल्या काहींनी मोबाईलवर चित्रफिती काढून सरकारला हाक मारली, आम्हाला बाहेर काढा. बघा, त्या दिवशी कॅमेरा खालच्याच्या हातात होता. सफरीत कॅमेऱ्याला बंदी का, ते त्या दिवशी कळलं.

आता कुणी सोलापूरकर म्हणेल, हे अमेरिकेचं झालं, आपण कशाला? थांब. सप्टेंबर 2019 मध्ये आपल्याच शहरात टेरी टॉवेलचं मोठं प्रदर्शन भरलं. देशोदेशीचे खरीदार बोलावले. टॉवेल मांडला, दिवे लावले. टॉवेलमागं माणूस असतो, त्याला नगावर पैसे मिळतात, कानात दिवसभर मागाचा खडखडाट असतो नि छातीत तंतू जातो, ह्याचा गाळा त्या प्रदर्शनात कुणी मांडला असता? नि त्याहून मागं जा. ह्याच शहरात तारेच्या कुंपणात गुन्हेगार जमातींची सेटलमेंट होती. पारधी, कैकाडी, मांगगारुडी, जन्मानंच गुन्हेगार ठरवलेले. दिवसा गिरणीत काम, बाहेर जायचं तर परवाना, नि ठरल्या वेळी हजेरी. साहेबाच्या वहीत त्यांची 'सुधारणा' चालली होती. तो कायदा 31 ऑगस्ट 1952 ला गेला. तार गेली. हजेरी घेणाऱ्याची नजर गेली का? ती नजर आता हसायला शिकलीय, एवढंच. पूर्वी ती म्हणायची, नाव सांग. आता म्हणते, स्माईल प्लीज.

नि आता तर क्रूझ आपल्या दारात आलंय. सप्टेंबर 2024 मध्ये केंद्र सरकारनं मुंबई बंदरातून 'क्रूझ भारत मिशन' सुरू केलं. पोरांना सांगतील, नोकऱ्या येतायत. येऊ द्यात. नोकरीला आमचा विरोध नाही. उपाशी पोरानं जहाजावर जाऊ नये असं सांगणारा मी कोण? गावगाड्यातून सुटायला आपले लोक गिरणीत गेले, रेल्वेत गेले, पलटणीत गेले. पोरांनो, जहाजावरही जा. पण जाताना डोकं वर ठेवून जा. आत्याच्या पोराकडून एका एजंटानं नोकरी लावून देतो म्हणून पैसे उकळले. आत्यानं त्यासाठी पाटल्या मोडल्या. तेव्हा हे पाठ करा. त्या कराराप्रमाणं नोकरी लावण्याचे पैसे कामगाराकडून घेता येत नाहीत. पासपोर्ट, खलाशाचं पुस्तक, वैद्यकीय दाखला ह्यांचा खर्च तेवढा आपला. नोकरी लावणाऱ्या एजंटाकडं केंद्राच्या बंदरं, नौवहन नि जलमार्ग खात्याखालच्या नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो. परवाना दाखव म्हणा. नाही दाखवला तर तो एजंट नाही, चोर आहे. नि करारावर सही करण्याआधी तो वाचायचा तुमचा हक्क आहे. वाचता येत नसेल तर वस्तीतल्या शिकलेल्या पोराला धरा. तो शिकला कशासाठी?

4 ऑक्टोबर 1930 ला बाबासाहेब मुंबईहून 'व्हाइसरॉय ऑफ इंडिया' ह्या बोटीनं गोलमेज परिषदेला निघाले. तोवर आमच्यावर बोलणारे कमी नव्हते. मिशनरी बोलत, सुधारक बोलत, महात्मे बोलत. सगळे आमची वस्ती बघून आलेले. बाबासाहेब वस्ती दाखवायला लंडनला गेले नाहीत. मागण्या घेऊन गेले, कागदावर, कलमवार. दाखवला गेलेला माणूस नि बोलणारा माणूस यांच्यात जे अंतर आहे तेच आपल्या चळवळीचं अंतर आहे. ते त्या माणसानं एका जहाजप्रवासात कापलं. नि आपली पोरं अजून जहाजाच्या तळाला हात हलवत उभी.

म्हणून ह्या सफरवाल्यांना आमच्याही मागण्या आहेत. सफर करायची तर पुरी करा. पहिला मुक्काम कामाच्या तासांच्या तक्त्यापाशी. दुसरा पगाराच्या चिठ्ठीपाशी. तिसरा त्या खोलीत, जिथं दोघं एकावर एक झोपतात, नि तोही त्यांनी या म्हटलं तरच. वाट दाखवणारा साहेब नको, धोबीखान्यातला माणूस पाहिजे, नि त्या तासांचा पगार वेगळा. प्रश्न दोन्ही बाजूंनी विचारले जातील. पाहुण्यानं विचारलं, घरची आठवण येते का, तर आमचा पोरगाही विचारेल, बाई, तुमच्याकडं आठवड्याला किती तास काम करतात? नि तिकिटाचे पैसे ज्याला बघितलं त्याच्यात वाटा. हे जमत नसेल तर दार लावून घ्या. आमचं घर हे तुमच्या सुट्टीतला एक तास नाही.

आत्याचा पोरगा पुढच्या महिन्यात पुन्हा जहाजावर जातोय. जाऊ दे. मी त्याला एवढंच सांगितलंय की म्हातारी भेटली तर तिचा हात जरूर हातात घे, पण सोडण्याआधी तिला त्या तक्त्यापाशी ने नि म्हण, आजी, हे वाचा. मोठ्यानं वाचा.

जय भीम.